पॅरिसच्या सँ-निकोला चर्चमधलं कन्फेशन: चालतं का, जावं का

पॅरिसच्या पाचव्या विभागात, सँ-जर्मँ बुलवारच्या अगदी कडेला सँ-निकोला-द्यु-शार्दोने नावाचं चर्च आहे. मेट्रोच्या १० नंबर लाइनवर मोबेर-म्युच्युअलितेला उतरलात की समोरच, आणि नोत्र-दाम बघून चालत आलात तरी फार लांब नाही. हा रिव्ह्यू तिथल्या कन्फेशनच्या, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करून क्षमा घ्यायच्या संस्काराच्या, व्यवस्थेबद्दल आहे, कारण वसईहून, मुंबईहून जे कॅथलिक नातेवाईक-ओळखीचे इकडे येतात त्यातले बरेच जण हमखास विचारतात की अगं तिथं जुनी लॅटिन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना, जुन्या पद्धतीनं) असते म्हणे, जाऊ का, आणि तिथं कन्फेशन केलं तर ते चालतं का, म्हणजे चर्चच्या नियमानं खरं धरलं जातं का. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आधी सरळ उत्तर देते, हो चालतं, आणि व्यवस्था म्हणाल तर मी पाहिलेल्या चर्चमध्ये ही एकदम वरच्या नंबरावर. पण ते चालायला लागलं कसं आणि तिथं अवतीभवती जी चर्चा कानावर पडते तिचं काय करायचं हे माहीत असल्याशिवाय जाऊ नका असं माझं मत आहे, म्हणून पुढचं लांबण लावतेय.

जागेबद्दल पटकन. बांधकाम मुख्यतः सतराव्या शतकातलं, आत ल ब्रँ या चित्रकाराची आणि त्याच्या आईची स्मारकं आहेत, कोरो या चित्रकारानं काढलेलं येशूच्या बाप्तिस्म्याचं चित्र आहे, ते जरूर बघा. २७ फेब्रुवारी १९७७ ला, रविवार होता, जुन्या मिस्सेचा आग्रह धरणाऱ्या लोकांनी मोन्सिन्योर दुको-बुर्जे यांच्या पुढाकारानं हे चर्च ताब्यात घेतलं. कोर्टानं त्यांना बाहेर काढायचा निकाल दिला पण तो कधी अमलात आला नाही आणि तेव्हापासून ते त्यांच्याकडेच आहे. पुढे ते एसएसपीएक्सच्या, म्हणजे संत पायस दहावे यांच्या नावाच्या सोसायटीच्या फादरांकडे आलं. ही सोसायटी आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये काढली, १९७६ मध्ये रोमनं त्यांना निलंबित केलं, आणि ३० जून १९८८ ला एकोनला त्यांनी पोपची परवानगी नसताना चार बिशप अभिषिक्त केले तेव्हा सगळ्यांवर बहिष्काराची शिक्षा आली. त्या चौघांवरची ती शिक्षा २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी उठवली, पण सोसायटीचं रोमशी नातं कायद्यानं सुरळीत झालंच नाही. एवढा इतिहास पुरे.

आता कन्फेशन. रविवारी सकाळपासून एकामागून एक मिस्सा असतात आणि मिस्सा चालू असताना बाजूच्या कन्फेशनलमध्ये फादर बसलेले असतात, ही गोष्टच मला मोठी वाटते. आपल्याकडे हल्ली कित्येक ठिकाणी शनिवारी संध्याकाळी अर्धा तास किंवा मग अपॉइंटमेंट घ्या असं असतं आणि ज्याला मनातून आधीच लाज वाटतेय तो माणूस अपॉइंटमेंट घ्यायला कशाला फोन करेल, तो करतच नाही, वर्षं निघून जातात. इथं तुम्ही रांगेत उभे राहायचं, कोणी नाव विचारत नाही, कोणी कुठून आलात विचारत नाही. रांगेत म्हातारे असतात, डोक्यावर जाळीची ओढणी घेतलेल्या तरुण मुली असतात, लहान पोरांना हाताशी धरून उभे असलेले बाप असतात, कॉलेजची पोरं तर भरपूर. बोलत कोणीच नाही.

लाकडी कन्फेशनल, गुडघे टेकायची फळी, मध्ये जाळी. फादरांच्या गळ्यात जांभळी स्टोल, म्हणजे विधीच्या वेळी घालायची पट्टी. तुम्ही बोलून झालं की थोडकं काहीतरी सांगतात, प्रायश्चित्त देतात, मग तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत असताना ते लॅटिनमध्ये क्षमाविधी म्हणायला लागतात आणि जुन्या विधीत "एगो ते अब्सोल्वो आ पेकातिस तुइस" हे मुख्य वाक्य यायच्या आधी आणखी एक वाक्य असतं ज्याकडे मी लक्ष देऊन ऐकते. त्यात फादर म्हणतात की येशूच्या अधिकारानं मी तुला बहिष्काराच्या आणि इतर शिक्षांच्या प्रत्येक बंधनातून मोकळं करतो, "इन क्वांतुम पोसुम एत तू इंदिजेस", म्हणजे माझ्या हातात जेवढं आहे आणि तुला जेवढी गरज आहे तेवढं. ज्या फादरांच्या स्वतःच्या अधिकारावरून चाळीस वर्षं वाद चालला ते फादर हे वाक्य म्हणतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. त्यांच्याकडचा सगळा वाद त्या "माझ्या हातात जेवढं आहे" मध्ये आला.

तो वाद काय ते समजून घ्या, अवघड नाही. मिस्सा खरी व्हायला फादर खरोखरचा गुरुदीक्षा झालेला, म्हणजे बिशपनं विधी करून फादर केलेला, असला की पुरतं, पण कन्फेशनला नुसती गुरुदीक्षा पुरत नाही, बिशपकडून किंवा कायद्यानं मिळालेला वेगळा अधिकार लागतो. रिक्षावाल्याकडे लायसन्स असलं तरी परमिटशिवाय पॅसेंजर घेता येत नाही ना, तसं. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात कलम ९६६ मध्ये हे स्पष्ट आहे. एसएसपीएक्सचे फादर लफेव्र यांच्याकडून किंवा त्यांच्या बिशपांकडून दीक्षा घेतलेले, ते खरे फादर आहेत हे रोमनं नाकारलं नाही, पण त्यांना कोणत्याही डायोसिसनं (बिशपच्या प्रांतानं) कन्फेशनचा अधिकार दिलेला नव्हता, म्हणून रोमचं म्हणणं होतं की मिस्सा बेकायदेशीर पण खरी, कन्फेशन मात्र होतच नाही, अपवाद फक्त मरणाच्या दारात असलेल्या माणसाचा वगैरे. सोसायटीचं उत्तर असं की चर्चमध्ये आणीबाणीची परिस्थिती आहे आणि अशा वेळी कमी पडलेला अधिकार चर्च स्वतः भरून काढतं. याला कलम १४४ चा आधार देतात, म्हणजे सगळ्या लोकांचा सर्रास गैरसमज झालेला असेल किंवा खरोखरची, कारण असलेली शंका असेल तर लोकांचं नुकसान होऊ नये म्हणून अधिकार आपोआप मिळतो. हे कलम बरोबरच आहे, माझी शंका एवढीच होती की आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षं एकाच जागी त्यावर विसंबून राहता येतं का, आणि सामान्य माणसानं आपलं पाप क्षमा झालं की नाही हे कायद्याची पुस्तकं उघडून ठरवायचं का.

पोप फ्रान्सिस यांनी हा गुंता सोडवला आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं हे फार मोठ्या मनाचं काम होतं. १ सप्टेंबर २०१५ च्या पत्रात त्यांनी लिहिलं की दयेच्या वर्षात (त्यांनीच जाहीर केलेलं खास वर्ष) जे लोक या सोसायटीच्या फादरांकडे कन्फेशनला जातील त्यांना खरी आणि कायदेशीर क्षमा मिळेल. वर्ष संपलं तेव्हा २० नोव्हेंबर २०१६ ला त्यांनी ती मुभा पुढचा आदेश होईपर्यंत वाढवली, म्हणाले की चर्चच्या क्षमेद्वारे मिळणाऱ्या समेटापासून कोणीही वंचित राहू नये. २०१७ मध्ये लग्नांसाठीही वाट काढून दिली. लक्षात घ्या, सोसायटीनं काही सही केली म्हणून हे मिळालेलं नाही, रांगेत उभ्या असलेल्या लोकांकडे बघून दिलेलं आहे. मुभा "पुढचा आदेश होईपर्यंत" आहे म्हणून यायच्या आधी ताजी स्थिती काय आहे ते एकदा आपल्या फादरांना विचारून घ्या.

इथपर्यंत सोपं आहे. खरा त्रास गुरुदीक्षेच्या वादाचा आहे, आणि तो सँ-निकोलाच्या कन्फेशनलमध्ये नाही, त्याच्या कडेकडेनं जे छोटे गट फिरत असतात तिथं ऐकू येतो. कारण अधिकार कमी पडला तर चर्च भरून काढू शकतं, दीक्षाच झालेली नसेल तर भरून काढण्यासारखं काही उरत नाही.

माझी आई इकडे आली होती तेव्हा मी तिला सँ-निकोलाला नेलं. ती लहान असताना वसईत मिस्सा लॅटिनमध्येच असायची, तिला उत्तरं अजून तोंडपाठ, इतकी खूश झाली म्हणून सांगू. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं कन्फेशनही केलं आणि बाहेर येऊन म्हणाली फादर तरुण आहे पण ऐकून घेतो. हे सगळं छान झालं. त्यानंतर एका ओळखीच्या बाईंच्या आग्रहावरून आम्ही पॅरिसबाहेरच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या दुसऱ्याच एका गटाच्या मिस्सेला गेलो, नाव लिहीत नाही. तिथं मिस्सा संपल्यावर एका गृहस्थांनी आईला समजावून सांगितलं की १९६८ नंतर दीक्षेचा विधी बदलला, त्यामुळे तुमच्याकडचे सध्याचे फादर हे फादरच नाहीत आणि तुमची इतक्या वर्षांची कन्फेशनं वाऱ्यावर गेली. आई त्या रात्री झोपली नाही. तिला स्वतःची चिंता नव्हती, तिच्या डोक्यात आजीचं शेवटचं कन्फेशन होतं, ते ज्या फादरांनी ऐकलं ते सत्तरच्या दशकात दीक्षा झालेले. पंच्याहत्तरीच्या बाईला, तिच्या मेलेल्या आईबद्दल, परक्या देशात असं सांगायचं, याला मी श्रद्धेची काळजी म्हणत नाही.

म्हणून त्या दाव्यात किती दम आहे ते बघू. पोप पायस बारावे यांनी ३० नोव्हेंबर १९४७ ला ठरवून दिलं की दीक्षेत नेमकं कशानं काम होतं, तर हात ठेवणं आणि प्रार्थनेतले ठराविक शब्द. १९६८ मध्ये पोप पॉल सहावे यांनी नवा विधी आणला. फादरांच्या दीक्षेचे मुख्य शब्द जवळजवळ तेच राहिले, एक छोटासा लॅटिन शब्द गळला, त्यावरही लोकांनी शब्दाचा कीस काढलाय. बिशपांच्या दीक्षेची प्रार्थना मात्र पूर्ण बदलली, हिप्पोलिटस यांच्या नावानं ओळखली जाणारी फार जुनी प्रार्थना घेतली. पोपची गादी रिकामीच आहे असं मानणारे जे गट आहेत ते म्हणतात या नव्या शब्दांत बिशपपदाचा अर्थ स्पष्ट होत नाही, म्हणून नवे बिशप खोटे, म्हणून त्यांनी दीक्षा दिलेले फादर खोटे, म्हणून कन्फेशन खोटं. दाखला देतात १८९६ चा, पोप लिओ तेरावे यांनी अँग्लिकन दीक्षा पूर्णपणे रद्दबातल ठरवल्या होत्या त्याचा. पण तिथं विधी बदलणाऱ्यांनी यज्ञ करणारा याजक ही कल्पनाच विधीतून जाणूनबुजून काढून टाकली होती, इथं घेतलेली प्रार्थना बऱ्याच अंशी कॉप्टिक आणि पश्चिम सिरियन परंपरेत आजही वापरात आहे, ज्यांच्या बिशपांवर रोमनं कधी शंका घेतलेली नाही. एसएसपीएक्सची स्वतःची भूमिकाही नवा विधी मुळातच खोटा अशी नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या एखाद्या फादरच्या बाबतीत शंका वाटली तर ते सशर्त दीक्षा देतात, म्हणजे आधीची खरी नसेल तरच ही धरायची या अटीवर, खुंटा हलवून घट्ट करतात म्हणा, तेही मला पूर्ण पटत नाही पण निदान ते आजीची कन्फेशनं रद्द करत नाहीत.

आणि हे शंकेचं हत्यार उलटतं बरं का. लफेव्र यांना १९२९ मध्ये फादर आणि १९४७ मध्ये बिशप ज्यांनी केलं ते लिएनार हे फ्रीमेसन, म्हणजे चर्चनं मनाई केलेल्या एका गुप्त संघटनेचे सभासद, होते अशी बोंब कोणीतरी उठवली आणि त्यावरून काही लोक म्हणतात लफेव्रच बिशप नव्हते, मग त्यांनी दीक्षा दिलेला एकही फादर खरा नाही. म्हणजे बिचारे सँ-निकोलाचे फादरही बाद. जे गट हे बोलतात त्यांच्यातल्या अनेकांचे बिशप आले व्हिएतनामचे आर्चबिशप न्गो दिन्ह थुक यांच्याकडून, राष्ट्राध्यक्ष दिएम यांचे भाऊ ते, ज्यांनी १९७६ मध्ये स्पेनमध्ये आणि १९८१ मध्ये पुन्हा परवानगीशिवाय बिशप केले, आणि त्यांच्या म्हातारपणातल्या मनःस्थितीवरून त्यांच्याही दीक्षांवर शंका घेणारे आहेतच. प्रत्येकजण दुसऱ्याचा फादर खोडतोय. या सगळ्याला संत ऑगस्टीन यांनी डोनाटसवाल्यांशी, म्हणजे नालायक फादरांनी दिलेले संस्कार खोटे मानणाऱ्यांशी, भांडताना चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर देऊन ठेवलंय, संस्कार देणारा ख्रिस्त आहे, हात कोणाचा का असेना. लिएनार मनातून काय होते ते कोणालाही माहीत असण्याची गरज नाही, त्यांनी चर्चचा विधी चर्चसारखा केला, १९४७ ला सोबत आणखी दोन बिशपांनी हात ठेवले, विषय संपला.

आपल्या लोकांना हे परकं वाटायचं कारण नाही. मुंबईत पाद्रुआदो (पोर्तुगीज राजाच्या हक्काखालची चर्चं) आणि प्रोपगंडा (रोमचं मिशन खातं) यांचं भांडण आपल्याच खापरपणज्यांनी सोसलंय. १८३८ च्या पोपच्या आदेशानंतर गोव्याच्या आर्चबिशपांकडचे फादर आणि रोमनं थेट नेमलेले फादर यांच्यात अधिकार कोणाचा यावरून फाटलं, एकाच गावात दोन चर्चं, एकमेकांच्या फादरांना अधिकार नाही असं म्हणणं, आणि मुंबईतला तो दुहेरी कारभार १९२८ च्या करारानं मिटला. आणि गोव्याचेच फादर आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्व्हारिस, जे रोमपासून वेगळे होऊन १८८९ मध्ये कोट्टायमला सिरियन परंपरेतले बिशप झाले, त्यांनी १८९२ मध्ये कोलंबोत रेने विलात नावाच्या माणसाला बिशप केलं. युरोप-अमेरिकेत आजही कित्येक स्वयंघोषित बिशप आपली दीक्षा विलातकडून आली म्हणून ती खरी असं सांगत फिरतात. तो विलात शेवटी १९२५ मध्ये रोमकडे परत आला आणि इथंच व्हर्सायजवळच्या मठात राहून १९२९ मध्ये वारला. गोव्याच्या माणसाच्या हातून निघालेली दोरी पॅरिसच्या वेशीवर येऊन थांबली, हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याचाच विचार करत होते.

खरी चूक सापडली तर चर्च काय करतं तेही सांगते, कारण आईला मी हेच सांगितलं. २०२० मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या फादर मॅथ्यू हूड यांनी स्वतःच्या बाप्तिस्म्याचा जुना व्हिडिओ बघितला तर त्यात डीकन (फादरच्या खालच्या पायरीचा दीक्षित) "मी तुला" ऐवजी "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" म्हणत होता. रोमनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असा बाप्तिस्मा होत नाही असं जाहीर केलं होतं. बाप्तिस्मा नाही म्हणजे दीक्षा नाही, म्हणजे त्यांनी ऐकलेली कन्फेशनंही नाहीत. हे कोणी लपवलं नाही. त्यांना नव्यानं बाप्तिस्मा दिला, नव्यानं दीक्षा दिली, आणि त्यांच्याकडे आलेल्या लोकांना आर्चडायोसिसनं जाहीरपणे कळवलं. तिथं व्हिडिओ होता, ऐकू येणारे चुकीचे शब्द होते, दुरुस्ती करता आली. हॉलमधल्या गृहस्थांकडे आजीच्या फादरांबद्दल काय होतं, काहीच नाही. आणि चर्चची शिकवण अशीही आहे की देवानं तारण संस्कारांशी बांधलंय, स्वतःला मात्र बांधून घेतलेलं नाही. आजीनं मनापासून पश्चात्ताप केला होता. आई हे ऐकून बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मग त्या माणसाला कोणीतरी हे सांगायला पाहिजे.

तर माझा निकाल असा. संस्काराला स्टार देत नाही, व्यवस्थेला देते, पाचपैकी साडेचार. रांग शिस्तीत, फादर हजर, शब्द जसेच्या तसे, घाई नाही. अर्धा कापला तो भाषेसाठी, कारण कारभार सगळा फ्रेंचमध्ये, इंग्रजी येणारे फादर आहेत का ते आधी साक्रिस्तीत, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीत, विचारावं लागतं. मराठी अर्थातच विसरा.

रोमशी सुरळीत नातं असलेल्याच जागी जायचं असेल, आणि तसं वाटणं चुकीचं नाही, तर जुनी लॅटिन मिस्सा नवव्या विभागात सँ-युजेन-सँत-सेसिल चर्चमध्येही असते, ते डायोसिसचं आहे. नुसतं कन्फेशन हवं असेल तर सँ-लाझार स्टेशनजवळचं सँ-लुई-दांतँ त्यासाठी पॅरिसभर प्रसिद्ध आहे, आठवड्याच्या मधल्या वाराला ऑफिसातून उठून लोक तिथं जातात. इंग्रजीत हवं तर अव्हेन्यू होशवरचं सेंट जोसेफ.

सँ-निकोलाला जाणार असाल तर खांदे झाकलेले कपडे घाला, बायकांनी एखादी ओढणी ठेवा, सक्ती कोणी करत नाही पण बहुतेक जणी घेतात. मोठ्या मिस्सेच्या सुरुवातीला रांगेत लागा, शेवटी लागलात तर नंबर यायच्या आत फादर उठून कम्युनियन वाटायला जाऊ शकतात. आणि बाहेर पायऱ्यांवर कोणी अमक्याची दीक्षा खरी आणि तमक्याची खोटी असं सुरू केलं तर नमस्कार करून चालू पडा.